अर्ज करीन, पण बरी झाल्यावर

३ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर मलाच विचारतो, चादर पडली कशी! अरे बाबा, चादरीला दोन बाजू असतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. पडली तर दोघींची पडली. पण सुपरवायझरला माझीच बाजू दिसते. दिवसभर मनगटावरचं घड्याळ बघत हिंडणारा माणूस, माझ्या हातून चादर सुटते त्याच वेळी बरोबर मान वर करतो. आम्ही त्याला घड्याळच म्हणतो. तेवीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत मी चादरींच्या घड्या घालतेय. एका आठवड्यात चार पडल्या तर लगेच बोंब.

चूक समोरचीची आहे. घडीच्या टेबलापाशी माझ्या समोर उभी राहते म्हणून समोरची. इस्त्रीच्या तापल्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर येते. दोन कोपरे तिने धरायचे, दोन मी. झटकायची, ताणायची, मग दोघींनी चालत मधोमध यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. चौदा वर्षं असंच चाललंय. हल्ली ती वाकडं ओढते.

माझ्या हाताचा यात काही संबंध नाही. उजवा खांदा जरा धरलाय. बोटांना मुंग्या येतात. येतात आणि जात नाहीत, एवढंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंचा कागद कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला. म्हणजे ह्यांना ठेवायला लावला, कप्पा उंच आहे. कागद दहा जानेवारीचा. मानेतली शीर दबलीय, हातातला जोर गेलाय, तो परत यायची आशा नाही, असं त्यात लिहिलंय. बाई म्हणाल्या, मावशी, हा घेऊन सरकारी भत्त्याचा अर्ज करून टाका. कागद सहा महिने चालतो, मग शिळा होतो. मी म्हटलं, करते.

करणारच आहे. पण लगेच नाही. अर्ज करायचा तर जरा बरी होऊन करावा. त्या कार्यालयाचे तीन जिने चढायचे, रांगेत ताटकळायचं, खिडकीतल्या माणसाशी भांडायचं, हे काय आजारी माणसाचं काम आहे? अंगात जोर पाहिजे. आधी हात सुधारते, मग जाते.

८ फेब्रुवारी

कप फुटला. हल्ली कप फार गुळगुळीत करतात. हा तिसरा. आता स्टीलचा पेला काढलाय.

९ फेब्रुवारी

पेला फुटत नाही. पडतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

समोरचीचं काहीतरी शिजतंय. आज नीट बघितलं. मधोमध भेटायचं सोडून ती सगळी वाट चालत माझ्यापाशी येते. माझ्या हातातले कोपरे घेते, वरचा हात स्वतःच उचलते, घडी घालते, परत जाते. मी नुसती उभी. घड्याळ लांबून बघत होता. त्याला काय वाटलं असेल? एक राबतेय, दुसरी खांबासारखी उभी आहे.

मग डोक्यात उजेड पडला. जूनमध्ये घडीच्या टेबलाला एक प्रमुख नेमणार आहेत. हिला ती जागा पाहिजे. साहेबापुढे नाचून दाखवतेय. चौदा वर्षांची मैत्री, आणि एका खुर्चीसाठी हे धंदे.

मी पण काही कमी नाही. उद्यापासून मी तिच्यापाशी चालत जाणार.

१२ फेब्रुवारी

गेले. चादर पायात आली. उद्या बघू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवा नेम. रोज सकाळी भिंतीपाशी उभं राहायचं, उजवा हात भिंतीवरून वर सरकवत न्यायचा आणि जिथे पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. रोज बोटभर वर. महिन्यात हात डोक्यावर जाईल. मग अर्ज. डॉक्टरांना काय कळतं? माणसाने ठरवलं तर काय होत नाही?

पहिली खूण कानाच्या पाळीएवढी आली. ह्यांनी विचारलं, भिंतीवर हे काय? म्हटलं, प्रगती.

२४ फेब्रुवारी

खुणा खाली चालल्यात. आज हनुवटीशी आली. हे म्हणाले, पोरं वाढताना अशा खुणा करतात, तुझ्या उलट्या दिशेने चालल्यात. डोळे अधू झालेत ह्यांचे, पण नको ते बरोबर दिसतं.

मी चपला घालून उभी होते पहिल्या दिवशी. त्याचा फरक आहे.

२ मार्च, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी एका ऑफिसात कागदपत्रांचंच काम करते, त्यामुळे तिला वाटतं जगात सगळं फॉर्म भरून होतं. म्हणाली, आई, ज्या महिन्यात अर्ज केलास त्या महिन्यापासून भत्ता धरतात. हात कधी गेला ते बघत नाहीत. तू बसलीस तेवढे महिने बुडाले. मी म्हटलं, बसले कुठे? रोज आठ तास उभी असते. ती म्हणाली, तेच तर. मग म्हणाली, आई, तुला लाज वाटते का गं?

लाज कसली! मी काय चोरी केलीय? मला लाज वाटत नाही. फक्त माझ्या नावापुढे तो शब्द कागदावर नको. आता म्हणे त्याला नवा, चांगला शब्द काढलाय. हात तर तोच.

तिला म्हटलं, जूनपर्यंत थांब. टेबलप्रमुख झाले की बसून काम. मग भत्ता लागणारच नाही. ती म्हणाली, बरं. ती बरं म्हणते तेव्हा तिला काहीच बरं वाटलेलं नसतं.

१४ मार्च, शुक्रवार

केस विंचरता येत नाहीत. म्हणजे येतात, डाव्या हाताने, एका बाजूचे. दुसरी बाजू आपली तशीच. चार दिवस रुमाल बांधून गेले. आज हे म्हणाले, बस इथे. मला खाली बसवलं आणि फणी घेतली. उभा जन्म पहारेकऱ्याची नोकरी केलेला माणूस, वेणी काय घालणार? अर्धा तास लागला. ओढ ओढ ओढलं. वेणी अशी झाली की गाढवाने शेपटीची लाज वाटून घ्यावी.

समोरचीने बघितलं. हसली नाही. दुपारच्या सुट्टीत मागे उभी राहून सोडून परत घातली. मी म्हटलं, प्रमुख झालीस की रोज घालशील का? तिला कळलं नाही. किंवा तसं दाखवलं.

२७ मार्च, गुरुवार

अर्धी रजा टाकून कार्यालयात जाऊन आले. अर्ज करायला नाही. नुसतं बघायला.

तिसरा मजला. लिफ्टवर बंदची पाटी. हातापायांनी गेलेल्या माणसांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्याला भेटायचंय मला एकदा. रांग जिन्यात आलेली. माझ्यापुढे एक म्हातारी, श्वास लागलेला, हातात ही एवढी पिशवी. मी म्हटलं, आणा इकडे. घेतली. सवयीने उजव्या हातात घेतली. दुसऱ्या मजल्यावर हात आहे की नाही तेच कळेना. पिशवी पडली, कागद जिनाभर झाले. मग मी ते गोळा करत बसले.

बाकावर एक माणूस होता, गुडघ्यापासून पाय नाही. एक आंधळी बाई होती. त्यांच्याकडे बघून मला माझंच हसू आलं. ही खरी गरजू माणसं. मी कोण? दोन हात, दोन पाय, तोंड शाबूत. माझा नंबर मी माझ्या मागच्या बाईला दिला आणि उतरले.

फॉर्म आणायचा राहिला.

घरी ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, तिथे आजारी लोकांची फार गर्दी असते.

९ एप्रिल, बुधवार

थोडं भाजलं.

१० एप्रिल, गुरुवार, दुपार, घरी

काल नीट लिहिता आलं नाही, बँडेज होतं. आजही आहे, पण पेन दोन बोटांत बसतंय.

झालं असं. एक चादर रोलरच्या तोंडाशी अडकली. तेवीस वर्षांत हजार वेळा अडकलीय, हाताने सोडवायची असते. मी सोडवत होते. मला काहीच लागलं नाही. वास आला. मला वाटलं, कुणाचं तरी कापड जळतंय. समोरची ओरडली आणि टेबलावरून अर्धी वाकून माझं मनगट धरून मागे खेचलं. तेव्हा बघितलं तर माझीच बोटं.

दुखलं अजिबात नाही. तेवढं एक बरं.

समोरची मात्र तिथेच टेबलाला धरून उभी राहिली, कंबर धरून, पांढरी फटक. भाजलं मला आणि चेहरा हिचा. मी म्हटलं, अगं मला झालंय, तुला नाही. ती काही बोलली नाही.

१४ एप्रिल, सोमवार

बोलली. बोलायला लावलं मीच. सुट्टीत तिला म्हटलं, किती दिवस चालायचं हे तुझं पुढे पुढे करणं? साहेबाला दाखवायला सगळी वाट चालत येतेस.

तिने हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाली, ताई, तुम्हाला खरंच असं वाटतं? मी येते कारण तुम्हाला ताणता येत नाही. तुमचा वरचा हात मी उचलते, ट्रॉली मी ओढते, भिजकी गाठोडी दोन्ही बाजूंची मी टाकते. दिवाळं निघालंय माझ्या पाठीचं. अर्ज करा ना. काय वाट बघताय? मी मेले की करणार?

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं ओढायला? मी मागितली होती मदत?

ती म्हणाली, नाही. तुम्ही काय मागणार!

आणि डबा बंद करून उठली. उठताना टेबलाला हात टेकून उठली. नाटकी बाई.

१५ एप्रिल ते २८ एप्रिल

बोलणं बंद. कामापुरतं. हं. हां. घे.

२९ एप्रिल

भिंत पुसून टाकली. खुणा नीट दिसत नव्हत्या.

११ मे, रविवार

लेक न सांगता आली. पिशवीत फॉर्म. माझ्या बोटांवरची नवी, गुलाबी कातडी बघितली आणि चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसून भरायलाच लागली. ती विचारायची, मी सांगायची.

हात डोक्याच्या वर जातो का? मी म्हटलं, लिही, कधी कधी. ती म्हणाली, आई, इथे हो आणि नाही एवढंच आहे. मी म्हटलं, मग हो लिही. तिने नाही लिहिलं. स्वतःचे केस विंचरता येतात का? मी म्हटलं, येतात. दाराशी उभे असलेले हे म्हणाले, येतात, पण माझ्या हाताने. तिने नाही लिहिलं. अशी बारा नाही लिहिली माझ्या नावाने. वाचून दाखवलं तेव्हा वाटलं ही बाई कोण? हिला तर कुणी बघायला पाहिजे.

सही माझी. आधी डाव्या हाताने कर म्हणाली, मी उजव्या हातानेच केली. तीन वेळा करावी लागली. तीन फॉर्म आणले होते तिने. ओळखून आहे.

१३ मे

अर्ज दिला. ह्यांनी दिला, जिने चढून. खिडकीवाल्याने सांगितलं, तपासणीचं पत्र येईल.

झालं एकदाचं. कुणी म्हणायला नको की मी टाळत होते.

२२ मे, गुरुवार

पत्र आलं. पाच जूनला, गुरुवारी, सकाळी अकराला डॉक्टर तपासणार. हात वर करायला लावतील, वजन उचलायला लावतील, बटण लावायला लावतील, असं सगळं लिहिलंय.

दोन आठवडे आहेत. तयारी केली पाहिजे.

२३ मे

माझा निश्चय. चौथीत मी नापास झाले तेव्हा बापाने दप्तर काढून घेतलं. त्यानंतर कधी परीक्षेला बसले नाही. आता बसतेय तर अशीतशी बसणार नाही. डॉक्टरसमोर कण्हत, कुंथत जाणारी बाई मी नाही. आपली शोभा करून घ्यायची म्हणजे काय!

कार्यक्रम. सकाळी हात वर करायचा सराव, वीस वेळा. संध्याकाळी बटणं, ह्यांच्या सदऱ्यावर. पाण्याची बादली, आधी पाव भरून, मग अर्धी.

२६ मे

युक्ती सापडली. आधी कमरेतून डावीकडे झुकायचं, मग झोका दिल्यासारखा उजवा हात फेकायचा. वर जातो! डोक्याच्या वर! एक क्षण राहतो. समोरून बघितलं तर सरळच वाटतं.

हे बघत होते. म्हणाले, अगं, पण तुला तिथे हात वर करायचा नाहीये. मी म्हटलं, म्हणजे? डॉक्टर म्हणेल वर करा, आणि मी करू नको? ते म्हणाले, तू आपलं जसं आहे तसं कर. मी म्हटलं, जसं आहे तसं मी घरात करते. बाहेर जाताना माणूस नीटनेटका होऊन जातो.

त्यावर गप्प बसले. पटलं असणार.

५ जून, गुरुवार

पास!!

सकाळी दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. एक वर जिन्यात. ह्यांनी वेणी घातली, आता बरी घालतात. तपासणीचा डॉक्टर अगदी पोरगेलासा, माझ्या लेकीपेक्षा लहान. म्हणाला, या काकू, बसा, त्रास होईल तिथे थांबा, जबरदस्ती करू नका. लाघवी होता. म्हणून मला आणखीच चेव चढला.

हात वर म्हणाला. झुकले, झोका दिला, गेला! तो म्हणाला, वा. मी म्हटलं, परत करू? परत केला. वजनाची पिशवी उचलायला दिली, डाव्या हाताचा आधार असा दिला की त्याला दिसला नाही. बटण, दोन लावली, तिसरं तो लिहीत होता तेव्हा दाताने ओढलं. बोटांना टाचणी टोचून विचारलं, कळतंय का? मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो टोचताना भुवई हलवतो. पाचातली पाच बरोबर सांगितली.

म्हणाला, काकू, फॉर्ममध्ये तर फार वाईट लिहिलंय. तुमची तब्येत उत्तम आहे की. मी म्हटलं, मुलीने लिहिलंय, तिला काळजी फार.

बाहेर आले. हे बाकावर. विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सगळं जमलं. ह्यांचा चेहरा असा पडला की जणू मीच पडले. बायको एवढी पन्नाशीत परीक्षा पास होते, आणि माणसाला दोन शब्द कौतुकाचे सुचत नाहीत.

६ जून

उठता आलं नाही. खांद्यात कुणी खिळा ठोकलाय. रजा.

७ जून

रजा.

९ जून, सोमवार

कामावर. समोरची नाही. तिच्या जागी दुसरीच उभी. घड्याळाला विचारलं. म्हणाला, तिने काम सोडलं, पाठ गेली, गेल्या आठवड्यापासून येत नाही. तिला भत्ताही मंजूर झालाय म्हणे.

भत्ता? तिला? अर्ज कधी केला? चौदा वर्षं समोर उभी राहिली आणि मला एका शब्दाने नाही?

बोलणं बंद होतं. तरी काय झालं! असं सांगायला बोलायला थोडंच लागतं?

नवी समोरची मधोमध येऊन थांबते. हातात दोन कोपरे घेऊन उभी राहते आणि माझी वाट बघते. पुढे एक पाऊल नाही. म्हणाली, अर्ध्यावर मी आले, अर्ध्यावर तुम्ही या. हाच नियम आहे ना? नियम तोच आहे. मी गेले. चादर तिच्या हातात पोचेपर्यंत माझ्या हातातून सुटली. परत रोलरला टाकावी लागली.

ते मधलं अंतर किती लांब आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

१० जून

अकरा चादरी पडल्या.

१६ जून, सोमवार

टेबलप्रमुख कुणालाच केलं नाही. तीन टेबलांना मिळून एक यंत्र येणार आहे, ते घडी घालतं. दोन्ही बाजूंनी.

२३ जून, सोमवार

कार्यालयाचं पत्र. ह्यांनी भिंग धरून मोठ्याने वाचलं. अर्जदाराचा उजवा हात डोक्याच्या वर सहज जातो. बोटांची संवेदना पूर्ण. वजन उचलण्याची क्षमता चांगली. अर्जदार पूर्ण वेळ कामास योग्य. सबब अर्ज नामंजूर.

सहज, असं लिहिलंय. सहज!

हे म्हणाले, पहिला नंबर आलाय तुझा. मग म्हणाले, रडू नको. मी रडत नव्हते. तसं बघितलं तर पत्रात एकही वाईट शब्द नाही माझ्याबद्दल. तेवीस वर्षांत घड्याळाने असं लिहून दिलं नव्हतं.

२५ जून, बुधवार

पत्र घेऊन गेले घड्याळाकडे. कारण त्याने काल सांगितलं होतं की टेबलावर मी चालणार नाही, रोलरपाशी तर नाहीच, परत बोटं भाजली तर जबाबदारी कुणाची? मी पत्र पुढे टाकलं. म्हटलं, वाचा. सरकारी डॉक्टर म्हणतो, कामास योग्य. त्याने वाचलं. पहिल्यांदा त्याने घड्याळाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, बाई, त्या डॉक्टरने तुम्हाला दहा मिनिटं बघितलंय. मी सहा महिने बघतोय. पडलेल्या चादरी मी मोजत नव्हतो असं वाटलं का तुम्हाला? ती बाई होती तोवर मी डोळेझाक केली. आता कशी करू?

सोमवारपासून येऊ नका म्हणाला.

म्हणजे इकडे मी कामाला अयोग्य, तिकडे मी कामाला योग्य. मधे मी नुसतीच.

२६ जून

लेकीला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. फेरतपासणीची विनंती करता येते म्हणाली, पण डॉक्टरीणबाईंचा कागद दहा जुलैला शिळा होतो, त्याच्या आत. आणि आई, या वेळी तू स्वतः लिही, मी नाही लिहिणार. म्हणाली, मी बारा वेळा नाही लिहिलं, तू तिथे जाऊन बारा वेळा हो करून आलीस.

२८ जून, शनिवार

समोरचीच्या घरी गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. जमिनीवर चटई टाकून उताणी पडली होती. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं, पड.

पाणी मीच घेतलं. डाव्या हाताने.

मग मी विचारलं, तुझी तपासणी त्याच पोराने केली का? म्हणाली, हो. मी विचारलं, हात वर कर म्हणाला का? म्हणाली, वाका म्हणाला. मी म्हटलं, मग? म्हणाली, मग काय, नाही वाकता आलं, रडू आलं, तिथेच बसले. एवढं सोपं. रडली आणि बसली. मला सुचलंच नाही.

मग म्हणाली, ताई, एक सांगू, रागावू नका. पाठ कशाने गेली ते लिहावं लागलं. मी लिहिलं, जोडीदारणीच्या हातात जोर नसल्यामुळे सहा महिने दोघींचं काम एकटीने ओढलं. त्यांनी घड्याळाला पत्र पाठवून विचारलं. त्याने हो लिहून दिलं. त्यावरच मंजूर झालं.

मी काय रागावणार? मान हलवली. तिला कुशीवर वळायला मदत लागते. तिचा नवरा कामावर होता. मी एका हाताने वळवलं, तिने एका बाजूने जोर दिला.

निघताना म्हटलं, वाकडं ओढत नव्हतीस तू. ती म्हणाली, माहितेय मला.

३० जून, सोमवार

आज कामावर जायचं नव्हतं. तरी पाचला उठून बसले.

पत्राचा मसुदा. डाव्या हाताने लिहितेय, वेळ लागतो. उद्या हे चांगल्या कागदावर उतरवतील, सही मात्र माझी राहील.

माननीय साहेब,

तुमच्या कार्यालयात एकाच कपाटात दोन फायली असतील. एक माझी, एक माझ्या जोडीदारणीची. माझ्या फायलीत लिहिलंय की माझा उजवा हात सहज चालतो, म्हणून मला भत्ता नाही. तिच्या फायलीत लिहिलंय की माझा उजवा हात चालत नाही, म्हणून तिची पाठ गेली, आणि तिला भत्ता आहे. दोन्हीवर तुमचाच शिक्का. हात एकच आहे.

तिचं खरं आहे. तिचं काढून घेऊ नका. खोटं बोलले ती मी. तुमच्या डॉक्टरसमोर मी हात वर केला तो झोका देऊन केला, तीन गोळ्या घेऊन केला. टाचणी मला लागली नाही, मी त्याच्या भुवईवरून सांगितलं. त्याचा दोष नाही, पोरगा चांगला आहे. लोक तुमच्याकडे येऊन नसलेलं दुखणं दाखवतात, मी असलेलं लपवलं. याला काही शिक्षा असेल तर तीही कळवा. पण हात परत बघा. या खेपेला मी त्याला जसा आहे तसाच घेऊन येईन.

माझा कागद दहा जुलैला शिळा होतो. काम गेलंय. म्हणून दोन्हीपैकी कुठला शिक्का खरा धरायचा आणि मी परत कधी यायचं, ते गुरुवार, दहा जुलै, संध्याकाळी खिडकी बंद व्हायच्या आत लेखी कळवावं.